दम

आमच्या सूनबाईंचा स्वभाव मूलतः दयाळू आहे. आणि आपण पुण्यात सुखाने नांदावे व सासूने मात्र जालना जिल्ह्यातल्या एका गावात रोज संध्याकाळी गॅसच्या शेगडीपुढे घाम गाळीत उभे राहावे, ही विषमता सहन न होऊन त्यांनी गेल्या वर्षी स्वतःसाठी एक नवा, प्रशस्त ओव्हन खरेदी केला आणि जुना, आटोपशीर ओव्हन आमच्या उद्धारार्थ कुंभार पिंपळगावी रवाना केला. मोसंबी भरून पुण्याच्या बाजारात गेलेला गावातलाच एक टेम्पो परतताना रिकामा येतो, ही संधी साधून ते यंत्र दोन गाद्यांच्या मध्ये निजवून आणण्यात आले, आणि भल्या पहाटे ते आमच्या ओसरीवर उतरले तेव्हा त्याच्या अंगाला मोसंबीचा असा दरवळ येत होता, की हे काही तरी खाण्याचे असावे अशा समजुतीने शेजारची दोन मुले शाळेची वेळ होईपर्यंत त्याच्याभोवती घुटमळत राहिली.

यंत्रामागोमाग फोनवरून विधी आला. "बाबा, कोंबडीचा स्टू करा. अगदी सोपं आहे. कोंबडीचे तुकडे, कांदा, बटाटा, गाजर, घेवड्याच्या शेंगा, आलं-लसूण, चार मिरे आणि पाणी, सगळं एका झाकणाच्या भांड्यात घालायचं, १८० अंशांवर तास-सव्वा तास ठेवायचं आणि विसरून जायचं. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी होतं."

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून या पदावरून सेवानिवृत्त झालेला मनुष्य. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून फुटून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या धामधुमीत मी नुकताच नोकरीस रुजू झालो होतो, आणि कागदातले कोणते वाक्य पुढे आपल्या अंगाशी येणार आहे हे ओळखण्याची जी विद्या मला तेव्हापासून प्राप्त झाली ती आजतागायत सुटलेली नाही. त्या विद्येच्या बळावर मी सूनबाईंच्या विधानाची छाननी केली, तेव्हा तीन शब्दप्रयोग मला तत्काळ संशयास्पद वाटले: 'सोपं', 'कुठल्याही दिवशी' आणि 'विसरून जायचं'.

आधी 'कुठल्याही दिवशी' हे कलम घेऊ. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा; त्यातून समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आमच्याच तालुक्यातले, तेव्हा शनिवारी कोंबडीचे नाव काढणे म्हणजे मारुतीच्या प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात अतिक्रमण करण्यासारखे आहे. शुक्रवार पूर्वी मोकळा असे. परंतु १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला आणि त्या वारावरही अनेक घरांतून टाच आली, ती आमच्या घरात अद्याप उठलेली नाही. रविवारी मुळी कोंबडी होतेच, त्यासाठी ओव्हनची शिफारस लागत नाही. अशा रीतीने आठवड्याच्या मधल्या दिवसांपैकी एकटा बुधवार शिल्लक राहतो, आणि त्यातूनही एकादशी, चतुर्थी, पितृपंधरवडा, नवरात्र आणि अखंड श्रावण एवढे वजा केल्यावर हाती जे उरते ते एखाद्या जिरायत खातेदाराच्या निव्वळ उत्पन्नाइतके अल्प असते. पंचांग उघडून मी तीन बुधवार निश्चित केले आणि त्यांच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या.

'सोपं' या शब्दाची परीक्षा प्लगपाशी झाली. ओव्हनला सोळाशे वॅट लागतात, त्याच्या वायरीच्या टोकाला तीन जाडजूड पिनांचा प्लग असतो, आणि तो ज्या भोकांत जातो ती भोके आमच्या घरात एकाच ठिकाणी होती: न्हाणीघराबाहेर, पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावर. स्वयंपाकघरातील वायरिंग हे दिवा, पंखा आणि फार तर मिक्सर एवढ्याच संसाराच्या अपेक्षेने झालेले होते. वायरमनला बोलावावे, तर तो उसाच्या शेतात कोणाचा तरी स्टार्टर दुरुस्त करीत होता. तेव्हा त्या पाश्चात्य उपकरणाची स्थापना न्हाणीघरासमोर एका स्टुलावर करण्यात आली. मोटार चालू असताना ओव्हन लावता येईना आणि ओव्हन लावलेला असताना मोटार चालू करता येईना. म्हणजे ज्या घटकेस रस्सा शिजणार, त्या घटकेस घरात पाणी चढणार नाही, असा एक नवाच शिरस्ता घरात सुरू झाला. आमच्या कुटुंबाने या व्यवस्थेकडे एकवार पाहिले आणि "न्हाणीपुढं मांडलेली चूल बघायची राहिली होती, तीही पाहिली," एवढाच शेरा मारला.

पहिल्या बुधवारी, सायंकाळी सात वाजता, ॲल्युमिनियमचे एक झाकणाचे पातेले विधिपूर्वक आत गेले. आता विसरून जायचे होते. पस्तीस-छत्तीस वर्षे ज्याने एकही प्रकरण विसरू नये म्हणून स्मरणवही बाळगली, त्या माणसाला 'विसरून जा' असा हुकूम देणे सोपे आहे. त्याची तामिली करणे किती कठीण, हे त्या संध्याकाळी मला कळले. काचेच्या दारातून आत एक तांबूस उजेड दिसतो, पातेले दिसते, परंतु पातेल्यात काय चालले आहे ते दिसत नाही. आणि ज्याच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही त्याचे झाकण उचलून पाहावे, हा शासनव्यवहाराचा आद्य नियम आहे. सव्वासातला मी पहिली तपासणी केली. साडेसातला दुसरी. नंतर शेजारचे तात्या आले, त्यांना दाखवण्यासाठी तिसरी. त्यांच्या मंडळींना दाखवण्यासाठी चौथी. आणि रस्सा ढवळला नाही तर खाली लागतो, असे तात्यांचे ठाम मत पडल्यामुळे पाचवी. दर वेळी दार उघडले, की आतली सगळी ऊब माझ्या चष्म्यावर येऊन बसे, आणि चष्मा पुसून होईतो ओव्हनचा अंतरात्मा थंडगार पडलेला असे. साडेनऊ वाजता कोंबडीने हाडाशी असलेले संबंध यत्किंचितही सैल केलेले नव्हते. शेवटी कुटुंबाने ते पातेले उचलून गॅसवर ठेवले, वीस मिनिटांत जेवण वाढले आणि जेवताना एक शब्दही काढला नाही. तो न काढलेला शब्द मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवसापासून गावात या प्रकरणाची चर्चा सुरू झाली. "काका, तुमच्या इलायती पेटीत कोंबडी अंडी घालती म्हनं," असे एकाने पारावर विचारले, आणि मी घरी येऊन, ओव्हन ही वस्तू परकीय नाही असे सप्रमाण सिद्ध करणारे एक टिपण लिहावयास घेतले. अपमानाचे निवारण टिपणाने करावे, हा कचेरीचा संस्कार.

त्या टिपणात मी रायगडकडच्या पोपटीचा प्रथम उल्लेख केला. थंडीच्या दिवसांत अलिबागकडची मंडळी मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरतात, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी रचतात, तोंडाशी पुन्हा पाला कोंबतात, मडके शेतात उपडे ठेवून त्याच्या चहूबाजूंनी पेंढा-काटक्यांचा जाळ करतात, आणि पाण्याचा एक थेंबही न घालता सगळे आतल्या आत वाफेवर शिजते. याला ओव्हन म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे? मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले खाली निखारे आणि झाकणावर निखारे अशा दुहेरी बंदोबस्तात भाजले जात असे. दिवाळीत नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीपाशी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका तर आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणजे ओव्हन होता, तो घरोघर नसून सार्वजनिक होता, इतकेच. आणि आमच्या मराठवाड्याचे म्हणाल, तर १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्ली उठवून दौलताबादेस आणली, तिच्याबरोबर लष्कराचे खाणे म्हणून नान-खलिया आला असे औरंगाबादेत सांगतात. नान तंदूरच्या भट्टीत, खलिया मोठ्या देगेत मंद आचेवर. दोघांनाही घाई चालत नाही. राजधानी परत गेली, खलिया राहिला. राज्यकर्त्यांच्या सगळ्याच उपक्रमांतून काही तरी टिकाऊ उरते, ते असे.

येथवर आलो आणि टिपण एका शब्दापाशी अडले. तो शब्द म्हणजे 'दम'.

माझे वडील निजामाच्या अमदानीत तहसिलीत नोकरीस होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले, तरी त्यांच्या जिभेवरची फारसी पुढे वीस वर्षे विलीन झाली नाही. हैदराबादेस बिर्याणीच्या भांड्याचे तोंड कणकेने लिंपून, वर निखारे ठेवून तिला 'दम' कसा देतात, ते ते मोठ्या चवीने सांगत. दम म्हणजे फारसीत श्वास. भांड्याचा श्वास कोंडायचा, आणि आतल्या जिन्नसांनी एकमेकांचा श्वास घ्यायचा. परंतु संस्कृतातही दम आहे, आणि त्याचा अर्थ इंद्रियनिग्रह. शम आणि दम ही जोडी कीर्तनात आपण हजारदा ऐकलेली असते. आता एक दम खैबर खिंडीतून आला आणि दुसरा उपनिषदांतून उतरला, दोघांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही, पण मराठीच्या अंगणात येऊन दोघे असे काही एकत्र नांदू लागले, की 'जरा दम धर' असे आई पोराला म्हणते तेव्हा ती त्याला श्वास रोखावयास सांगते की इंद्रिये आवरावयास, हे खुद्द पाणिनीने आणि सादीने शेजारी शेजारी बसून ठरवले तरी ठरणार नाही. आम्ही दम देतो, दम भरतो, दम खातो, दम काढतो; धावल्यावर आम्हाला दम लागतो, आणि पंगतीत पाने मांडल्यावर आमचा दम निघत नाही. पहिल्या बुधवारी बिघाड नेमका कोठे झाला, हे मला लख्ख कळले. दम यंत्रात भरपूर होता. मी धरला नव्हता.

याच भरात मी आणखी एक शोध लावू पाहिला. आमचे गाव कुंभारांच्या नावाचे. कुंभाराच्या भट्टीला आपण 'आवा' म्हणतो. आणि 'आवा' व 'ओव्हन' या शब्दांचे तोंडवळे तर सख्ख्या भावंडांसारखे! म्हणजे ही वस्तू मूळची आमच्याच गावची, असा फेरफार नोंदवून घ्यावयास मी अधीर झालो होतो. पण 'आवा' हा संस्कृत 'आपाक' या शब्दापासून आलेला, आणि ओव्हन उत्तर युरोपातल्या कोणत्या तरी थंडीने काकडलेल्या भाषेतला. वारसा सिद्ध होईना. नावसाधर्म्यावर जमिनी लाटणारे पुष्कळ खातेदार मी पाहिलेले आहेत, तेव्हा स्वतःचाच अर्ज मी खेदपूर्वक नामंजूर केला.

दुसरा बुधवार वीज नसल्यामुळे वाया गेला. सात वाजता गेली, ती साडेदहाला आली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. कोंबडी पुन्हा गॅसवरच शिजली, आणि तो न काढलेला शब्द या वेळी काढला गेला.

तथापि आव्याचा विचार डोक्यातून जाईना. ॲल्युमिनियमचे पातेले लवकर तापते तसे लवकर निवते. त्याऐवजी मातीची हंडी असेल, तर वीज गेली तरी ती ऊब धरून ठेवील, असा तर्क करून मी एका कुंभारमामांकडे गेलो. ओव्हनच्या पोटाची आतली उंची वीतभर. सुतळीने मापे घेऊन, कागदावर आकृती काढून, खाली तारीख व सही करून मी ती त्यांना सादर केली. मामांनी कागद उलटा धरून पाहिला, परत केला, आणि चाकावर माझ्या मापाहून स्पष्टपणे मोठी हंडी काढू लागले. मी हरकत घेतली.

"काका," मामा मान वर न करता म्हणाले, "मापाची हंडी मापानं केली, तं आव्यातून निघंल तव्हा तिची वाटी झालेली असंल. माती वाळताना आटती, भाजताना आनखी आटती. तुमचं माप पेटीचं हाय, माझं मातीचं हाय."

मी गप्प बसलो. परंतु हंडी आव्यात गेली त्या संध्याकाळी मात्र मला राहवले नाही. गोवऱ्या आणि पाचट यांच्या थरांत मडकी रचलेली, वर फुटक्या खापरांचे आणि राखेचे पांघरूण, आणि त्यातून निघणारा निळसर धूर. आत सातशे-आठशे अंशांचे तापमान असेल. बाहेर ना काटा, ना काच, ना घंटी. मी विचारले, "मामा, झालं की नाही, हे मधून उघडून बघता का?"

मामा हसले. "आवा लावला, की कुंभारानं घरी जाऊन झोपावं. जागा राह्यला, तं हात शिवशिवत्यात. हात शिवशिवले, तं गाडगी फुटत्यात. गार वारं लागलं, की तडा गेलाच म्हनून समजा."

शम-दमाचे इतके सुबोध निरूपण मी कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नव्हते. दोन दिवसांनी आवा निवल्यावर हंडी बाहेर आली, ती आटून बरोब्बर माझ्या मापाची झालेली होती. कुटुंबाने तिला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले, मग तांदळाची पेज उकळून मुरवले, आणि "थंड हंडी तापल्या ओव्हनमध्ये घालू नका, दोघांना बरोबरच तापू द्या," अशी ताकीद दिली.

तिसरा बुधवार उजाडला. कोंबडी गावरान होती. बेकरीच्या पावासारखी मऊ अशी सहा आठवड्यांची फार्मची कोंबडी निराळी, आणि उकिरड्यापासून उसापर्यंत सगळा शिवार पायाखाली घातलेली गावरान निराळी. तिच्या मांड्यांतला चिवटपणा वितळून रश्शात उतरावयाचा, तर सूनबाईंचा सव्वा तास पुरणार नाही, मंद आचेवर दोन तास तरी हवेत, असा ठराव झाला. काटा १६० वर आणला. सगळे जिन्नस मी स्वहस्ते हंडीत घातले, झाकणाच्या कडेला ज्वारीच्या पिठाची कणीक लिंपावी असा विचार केला होता, पण "तेवढं राहू द्या" असे स्वयंपाकघरातून सांगण्यात आल्यामुळे तो सोडून दिला, कळ फिरवली, आणि घरात थांबलो तर हात शिवशिवतील म्हणून चपला घालून सरळ पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो.

त्या दोन तासांत मी पारावर जे प्रवचन केले, ते ऐकणाऱ्यांच्या अद्याप स्मरणात असावे, कारण त्यानंतर मला पाहिले की दोघे-तिघे उठून जातात. दम या शब्दाच्या दोन्ही वंशावळी मी विशद केल्या. आपल्या सगळ्या दुःखांचे मूळ मधूनमधून झाकण उचलून पाहण्यात आहे. पेरलेले बी उकरून पाहणारा शेतकरी, पोराचे लग्न होऊन महिना झाला नाही तोच फोनवरून चौकशा करणारी आई, आणि निकाली निघू पाहणारे प्रकरण पुन्हा 'फेरतपासणीस' म्हणून खाली पाठवणारा अधिकारी, हे सर्व एकाच दोषाचे धनी आहेत. आणि जो एकदा लावून देऊन निवांत बसू शकतो तोच खरा बल्लवाचार्य, तोच खरा प्रशासक, असे मी प्रतिपादन केले. मध्यंतरी वीज गेली, गावभर अंधार झाला. मी जागचा हललो नाही. हा माझ्या निग्रहाचा कळस होता.

नऊ वाजता घरी आलो. वीज परतलेली नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात हंडी ओव्हनमधून काढून पाटावर ठेवली होती, आणि ती अजून इतकी ऊन होती, की झाकण काढताच आलेल्या वाफेने मेणबत्ती थरथरली. कोंबडी हाडावरून आपल्या पायांनी चालत उतरावी तशी उतरत होती. बटाट्यांनी रस्सा पिऊन घेतला होता, रश्शाने कोंबडी. ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास त्यात बुडवून तोंडात घातला, आणि मला जे काही सांगावयाचे होते ते सगळे सिद्ध झाले. तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"जमलं का, बाबा?"

"जमलं," मी म्हणालो, "कारण दम धरला. हात म्हणून लावला नाही. यात मनुष्याने काही करावयाचे नसते, हेच यातले मर्म..."

फोन माझ्या हातातून अलगद काढून घेण्यात आला. "अगं," आमचे कुटुंब सूनबाईंना म्हणाले, "हे पारावर गेले म्हणून बरं झालं. मीठच टाकायचे विसरले होते. मी अर्ध्या तासानं झाकण काढून मीठ टाकलं, चमचाभर येसर टाकला, म्हणजे रस्सा जरा अंगासरशी आला; मग लाइट गेल्यावर एकदा बघून घेतलं. हंडीत होतं, म्हणून पुढं आपोआप शिजलं. सोपं आहे खरं."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. येसर पडला म्हणजे तो स्टू राहत नाही, हे मला दिसत होते. पण तो मुद्दा काढण्यास मीठ विसरलेल्या माणसाला अधिकार नसतो. सूनबाईंनी 'विसरून जायचं' असे जे सांगितले होते, त्याची तामिली या घरात मी एकट्यानेच, आणि तीही वेळेच्या फार आधी, केलेली होती. टिपणाचा तो शेवटचा परिच्छेद मी अजून लिहिलेला नाही. त्या रात्री फक्त तिसरी भाकरी मागून घेतली, आणि कुटुंबाने ती आधीच भाजून ठेवलेली होती.